नाव कमी करू नकोस, रजा माग

एज्युकेशन लोनच्या टेबलावर थंड डोक्याचा माणूस बसवावा, असं आमच्या बँकेत म्हणतात. मग मला तिथं का बसवलं, ते ज्या साहेबांनी ऑर्डर काढली त्यांनाच ठाऊक. माझ्या पायाला भिंगरी आहे हे अख्ख्या दौंडला माहीत आहे. नवरा म्हणतो, तू जेवतेस सुद्धा उभ्यानं. खुर्चीत बसून फोनवर बोलणं मला आजतागायत जमलेलं नाही. शिरूर शाखेत माझ्या टेबलापासून पाण्याच्या माठापर्यंतची फरशी मॅडमच्या फेऱ्यांनी झिजली, असं आमचा कॅशियर चारचौघांत सांगायचा. मला राग यायचा, कारण ते खरं होतं.

रिटायर झाल्यावर या अंकाच्या संपादकांनी गाठलं. म्हणाले, "मॅडम, बँकेतल्या गमतीजमती लिहा." म्हटलं, गमती कॅशियरकडं मागा. माझ्याकडं आहेत ती परदेशी शिकायला गेलेली पोरं, आणि त्यातली मध्येच परत निघालेली. जाणाऱ्यांचे फ्लेक्स लागतात, हायवेला उभं राहून लोक फटाके वाजवतात. परत येणारा मात्र पहाटेच्या गाडीनं गुपचूप उतरतो आणि आठवडाभर घराबाहेर पडत नाही. त्याचं कुणी काही लिहीत नाही.

आधी धंद्याची रीत सांगते. परदेशी शिकणाऱ्या पोराच्या खर्चाला साधारण तीन टेकू असतात. एक आमचं कर्ज. ते आम्ही पोराच्या हातात देत नाही, दर सत्राची फी थेट विद्यापीठाला पाठवतो. आई किंवा बाप सहकर्जदार म्हणून सही करतो, घर नाहीतर प्लॉट तारण राहतो, आणि हप्ते सुरू होतात शिक्षण संपल्यावर. दुसरा टेकू विद्यापीठानं दिलेल्या फीमाफीचा, ज्याला आपल्याकडं सरसकट स्कॉलरशिप म्हणतात. तिसरा, तिथल्या प्रोफेसरच्या हाताखाली प्रयोगशाळेत काम करून मिळणारा पगार. तिन्ही टेकू एकाच अटीवर उभे असतात, पोराचं नाव पटावर पाहिजे. सत्राच्या मध्येच नाव कमी केलं की विद्यापीठ म्हणतं, राहिलेल्या दिवसांची माफी परत द्या. पगार थांबतो. त्या देशात राहायची परवानगी विद्यार्थी म्हणूनच मिळालेली असते, तीही जाते. आणि इकडं आमचा कॉम्प्युटर म्हणतो, शिक्षण संपलं, हप्ते चालू करा. देशादेशाचे, विद्यापीठा-विद्यापीठाचे नियम थोडे इकडंतिकडं असतात, पण गाडी साधारण याच रस्त्यानं जाते.

आपल्याकडची रीत निराळी. आपल्याकडं घरात काही झालं, लग्न निघालं, कुणी आजारी पडलं, की पोरगं कॉलेजातून दाखला काढून आणतं. पुढच्या वर्षी परत नाव घालतं. त्यात कुणाला काही वाटत नाही. उलट दाखला काढणारा पोरगा वळणाचा, रीतसर वागणारा. उगीच जागा अडवून बसला नाही असं म्हणतात. हीच रीत पोरं विमानातून घेऊन जातात आणि तिथं बरोबर तोंडावर आपटतात.

कासुर्डीच्या एका पोराचं असंच झालं. हुशार पोरगं, पण तिथल्या थंडीला आणि एकटेपणाला कंटाळलं. कुणाला विचारलं नाही, सवरलं नाही. सत्र अर्धं झालं होतं, पठ्ठ्यानं कॉम्प्युटरवर रीतसर नाव कमी केलं, खोलीची चावी परत केली, प्रोफेसरला नमस्कार केला आणि घरी आला. त्याला वाटलं, आपण किती शिस्तीत वागलो. महिन्याभरात विद्यापीठाची मागणी आली, फीमाफीतला एवढा भाग परत भरा. बाप तावातावानं माझ्या टेबलासमोर आला.

"मॅडम, स्कॉलरशिप म्हंजी हुशारीचं बक्षीस ना?"

"तसं समजा."

"मग दिलेलं बक्षीस माघारी मागत्यात का कुठं? गावानं माझ्या पोराचा सत्कार केला. उद्या सरपंच येऊन म्हणंल, दादा, शाल आन् नारळ परत द्या. नारळ तर आमी खाल्ला वो!"

मला हसू आवरेना आणि माणूस इतका कळवळून बोलत होता की हसताही येईना. मी त्याला समजावलं की हे बक्षीस सत्र पुरं करण्याच्या बोलीवर असतं. तो म्हणाला, "बोली आमच्यासमोर कुठं झाली?" बोली इंग्रजीतल्या बारीक अक्षरांत झाली होती, आणि ती त्याच्या पोरानंही वाचली नव्हती.

पुढं सगळं मिटलं. विद्यापीठानं दर महिन्याला थोडं थोडं घ्यायचं कबूल केलं, आम्ही हप्ते लांबवून दिले. पोरगा आज एमआयडीसीत चांगल्या नोकरीला आहे, त्याचं लग्नही झालं. पण पाटस-यवत पट्ट्यात ही गोष्ट फिरत गेली ती वेगळीच होऊन. मी ती खुटबावच्या एका बाईंकडून ऐकली तेव्हा पोराचं घर लिलावात निघालं होतं आणि बाप परागंदा झाला होता. मी म्हटलं, "अहो, बाप परवाच माझ्याकडून पासबुक भरून घेऊन गेला." बाई म्हणाल्या, "तो दुसरा आसंल."

तेव्हापासून मी कर्ज घेणाऱ्या प्रत्येक पोराला टेबलासमोर उभं करून घोकून घ्यायचे. काय करायचं नाही? नाव कमी करायचं नाही. अडचण आली तर काय मागायचं? रजा. कुणाकडं? परदेशी विद्यार्थ्यांचं ऑफिस असतं, तिथं. कधी? तिथून निघायच्या आधी, आणि मंजुरी येईपर्यंत हलायचं नाही. रजा घेतली तर जागा राहते, बहुतेक ठिकाणी फीमाफीही पुढच्या सत्रावर जाते. पोरं माना डोलवायची आणि त्यांचं अर्धं लक्ष विमानाच्या तिकिटात असायचं.

तरी एकदा फळ मिळालं. शिरूरच्याच एका पोराचा भर बँकेच्या वेळेत फोन आला. "मॅडम, मी इथं स्क्रीनसमोर बसलोय. नाव कमी करायचं बटण आहे. दाबू का?"

मी एवढ्या जोरात ओरडले, "दाबू नकोस!" की कॅशच्या रांगेतली माणसं जागेवर थिजली. आमच्या कॅशियरनं नोटा मोजायच्या मशीनवरचा हात झटक्यानं मागं घेतला आणि मला विचारलं, "मी काय केलं वो मॅडम?" पोराचं एवढंच होतं की एका विषयात नापास व्हायची भीती वाटत होती. तो नापास झाला, परत बसला, पास झाला. अजून दिवाळीला फोन करतो.

पण मला लिहायचंय ते अश्विनीबद्दल. बाकीचं सगळं लिहिताना मी खुर्चीत बसले होते, आता उठून चकरा मारून आले.

अश्विनी वरवंडची. वडील शेवंती आणि झेंडू करायचे, सगळं गाव त्यांना आप्पा म्हणायचं. मी वरवंड शाखेत होते तेव्हापासूनची ओळख. पोरगी मातीतल्या सूक्ष्म जीवांवर शिकायला अमेरिकेतल्या एका विद्यापीठात गेली, तेव्हा तिला तिन्ही टेकू मिळाले होते. माझी बदली तोवर शिरूरला झाली होती, पण एज्युकेशन लोनची सगळी प्रकरणं आमच्याच शाखेत यायची. आप्पा सहीला आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, आणि टेबलावर शेवंतीचा एवढा मोठा गुच्छ ठेवला होता की मला गिऱ्हाईक दिसेना.

तिचं दुसरं वर्ष चालू होतं. कर्जाच्या एका कागदावर सहकर्जदाराची सही लागत होती. आप्पा आले नाहीत, त्यांचे धाकटे भाऊ नाना आले.

"मॅडम, कागद द्या, मी घरून सही करून आणतो."

"सही माझ्यासमोर लागते, नाना. आप्पा का नाही आले?"

नाना खिडकीबाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "मंग तुमीच चला."

मी मॅनेजरना सांगितलं आणि नानांच्या गाडीत बसले. शिरूरहून न्हावरा, न्हावऱ्याहून भीमेचा पूल ओलांडून चौफुला, सगळा रस्ता नाना उसावर, पाण्याच्या पाळीवर, बाजारावर बोलत होते. आप्पांचं नाव नाही.

आप्पा पडवीत खाटेवर होते. इस्त्रीच्या शर्टातला तो माणूस कुठं गेला होता कोण जाणे, गोधडीखाली काही आहे की नाही असं वाटत होतं. पोटात गाठ निघाली होती, पुण्याच्या डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं. मी कागद धरला, त्यांनी सही केली. सही करताना ओठ आवळून धरले होते.

"अश्विनीला कळवलंय?" मी विचारलं.

तिची आई चुलीकडं वळली. आप्पाच म्हणाले, "न्हाई. आन् कळवायचं बी न्हाई."

"अहो, पण ती फोन करत असेल, तोंड बघत असेल."

"मोबाईलचा कॅमेरा बिघडलाय म्हणून सांगितलंय. आवाजावर भागवतो."

"आप्पा, हे बरोबर नाही."

"मॅडम, पोरगी यील धावत. आली की नाव कमी हुतंय. त्या कासुर्डीच्या पोराचं काय झालं, ठावं हाय न्हवं? घर गेलं, बाप गेला. माझं तर काय, मी चाललोयच. माझ्यापायी तिचं नाव कमी व्हाय नको."

मला इतका संताप आला! आप्पांचा नव्हे, त्या फिरत्या गोष्टीचा. मी खाटेसमोर येरझाऱ्या घालत सगळं सांगितलं. कासुर्डीचा बाप धडधाकट आहे, पोरगं नोकरीला आहे. त्यानं नाव कमी केलं म्हणून भुर्दंड बसला. अश्विनीनं रजा मागितली तर जागा राहते, स्कॉलरशिप राहते.

आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "राहती म्हंजी, लेखी हाय का?"

"लेखी मिळवता येतं."

"मिळवता येतं म्हंजी आज न्हाई." ते डोळे मिटून म्हणाले, "न्हाई तर न्हाई. तिची परीक्षा झाली की सांगा. तवर मी बघतो कसं टिकायचं ते."

जन्मभर शेती केलेला माणूस, तोंडी आश्वासनाला काय किंमत असते हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. परतीला नानांनी गाडी सुरू करायच्या आधी मला हात जोडले. "मॅडम, तुमी सांगू नका. थोरल्या भावाचा शब्द हाय." तेवढ्यात अश्विनीची आई पिशवीत फुलं घेऊन गाडीपाशी आली. पिशवी देताना माझं मनगट तिनं घट्ट धरलं आणि नानांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "डाक्टर म्हणालेत, ज्याला बोलवायचं त्याला बोलवून घ्या. परीक्षेपत्तुर न्हाईत वो टिकायचे."

शिरूरला आल्यावर मला काही सुचेना. खातेदाराच्या घरातली गोष्ट बाहेर सांगायची नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. मी स्वतःशी भांडत होते. मुख्य कर्जदार अश्विनी आहे, मग तिला सांगायला काय हरकत? पण मी काही सहकर्जदाराची माहिती देणार नव्हते, मी एका पोरीला तिच्या बापाचं मरण सांगणार होते. आणि एक भीती होती. बाप म्हटल्यावर ही पोरगी तशीच उठेल, बॅग भरेल, आणि आपल्या वळणाप्रमाणे रीतसर नाव कमी करून निघेल. म्हणजे आप्पांनी ज्याला भिऊन तोंड लपवलं, तेच मी घडवून आणायचं.

संध्याकाळी शाखा बंद झाल्यावर, तिच्याकडं सकाळ झाली तेव्हा, मी पार्किंगमध्ये उभी राहून फोन लावला. उभी कसली, स्कूटरच्या रांगेतून चालत होते.

"मॅडम! आप्पांची सही झाली का?"

"झाली. अश्विनी, तू निघताना मी काय घोकून घेतलं होतं?"

ती हसली. "नाव कमी करायचं नाही."

"अडचण आली तर?"

"रजा मागायची. निघायच्या आधी. मॅडम, माझी परीक्षा घेताय काय?"

"नीट ऐक. आज ऑफिस उघडलं की पहिली तिथं जा. घरातलं आजारपण म्हणून रजा माग. राहिलेले विषय अपूर्ण ठेवून नंतर पुरे करता येतात का, ते प्रोफेसरना विचार. डॉक्टरांचा कागद मी पाठवते. आणि त्या नाव कमी करायच्या बटणाला हात लावू नकोस."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मॅडम," ती म्हणाली, "तुम्ही हे मला का सांगताय?"

मी थांबले. चालायची थांबले.

"आप्पा?" तिनं विचारलं.

"आहेत. पण तू ये."

तिनं हंबरडा फोडला नाही. "कॅमेरा बिघडला नव्हता ना," एवढंच म्हणाली. मग म्हणाली, "ऑफिस उघडायला वेळ आहे. मी पायरीवर जाऊन बसते." आणि फोन ठेवला. मी स्कूटरला टेकून रडले, आणि वॉचमनमामा बघताहेत म्हणून परत चालायला लागले.

तिनं सगळं बरोबर केलं. ऑफिसात गेली, अर्ज केला, प्रोफेसरना भेटली. मी नानांना चोरून तिच्या आईकडून डॉक्टरांचा कागद मागवला आणि पाठवला. ऑफिसनं सांगितलं, कागद मिळाले, मंजुरीला काही दिवस लागतील. तोवर देश सोडला तर आमची जबाबदारी नाही. मी अश्विनीला पुन्हा फोन केला आणि जे नियमात होतं ते सांगितलं. "मंजुरी येईपर्यंत निघू नकोस. इतकं केलंस, आता दोन-चार दिवसांसाठी घालवू नकोस."

"मॅडम, तुमचे वडील असते तर तुम्ही थांबला असता?"

मला बसता येत नाही हे तिलाही माहीत होतं. दुसऱ्या दिवशी तिचा मेसेज आला तो विमानतळावरून.

पुढचे दिवस मी माणसात नव्हते. ती विमानात, मंजुरीचा पत्ता नाही. समजा नाही म्हणाले तर? फीमाफी परत, पगार गेला, व्हिसा पहिल्यापासून, आमचे हप्ते चालू, आणि प्लॉट तारण. एका गिऱ्हाइकाचं फिक्स डिपॉझिट मी दुसऱ्याच्या नावावर टाकायला निघाले होते, कॅशियरनं वेळेत बघितलं म्हणून बरं. त्यानं मला चहा आणून दिला आणि पहिल्यांदाच काही टोमणा मारला नाही.

ती पोचली त्या दिवशी दुपारी नानांचा फोन आला. आवाज चढलेला होता. "मॅडम, काय केलंत हे! आप्पा बोलंना झालेत तिच्यासंगं. तोंड भितीकडं करून पडलेत. पोरगी बाहीर उनात हुबी हाय. आन् आप्पा म्हणत्यात, मॅडमला बोलवा."

मी रजा टाकली आणि गेले. अश्विनी अंगणात खरंच उभी होती, पाठीवरची बॅग तशीच. मी नजरेनंच विचारलं, आलं का काही? तिनं मान हलवली. नव्हतं आलं.

आमच्या धंद्यात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात. मंजुरीचं पत्र हातात पडल्याशिवाय 'झालं' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. 'बघू', 'पाठवलंय', 'वर विचारलंय' असं म्हणायचं. लोक आम्हाला त्यावरून शिव्या घालतात, घालोत. मी नोकरीभरात तो शब्द कधी आधी उच्चारला नव्हता. चांगल्या ओळखीच्या माणसालाही नाही.

आप्पांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. बोलायला त्यांना दम लागत होता. "मॅडम, पोरीचं नाव राहिलंय का?"

"राहिलंय, आप्पा."

"स्कॉलरशिप?"

"तीही राहिली. मंजुरी झाली."

ते बघत राहिले. "बँकेच्या म्हणून सांगताय का घरच्या म्हणून?"

"बँकेची म्हणून सांगते."

दारात अश्विनी होती, तिनं सगळं ऐकलं होतं. आप्पांनी तिच्याकडं नाही, नानांकडं बघून म्हटलं, "मंग उनात का हुबी केलीया तिला? आत ये म्हणा की." अश्विनी आली आणि खाटेच्या कडेला बसली. आप्पांनी तिचा हात हातात घेतला नाही, तिच्या बॅगेचा पट्टा धरून ठेवला. मी तिथं थांबले नाही. पायात चपला घातल्या आणि नानांची वाट न बघता हायवेपर्यंत चालत गेले.

त्या आठवड्यातच आप्पा गेले. दहाव्याला मी घाटावर होते, नाना माझ्याशी बोलले नाहीत. पुढंही बरेच दिवस बोलले नाहीत. त्यांचं चूक होतं असं मला म्हणता येत नाही, थोरल्या भावाचा शब्द मी मोडला होता.

विद्यापीठाचं उत्तर आलं ते दहाव्यानंतर. रजा मंजूर. अर्ज निघायच्या आधीचा होता, डॉक्टरांचा कागद जोडलेला होता, म्हणून तिथल्या ऑफिसनं सांभाळून घेतलं. जागा राहिली, फीमाफी पुढच्या सत्रावर गेली, अपूर्ण विषय पुरे करायला मुदत मिळाली. प्रयोगशाळेतलं काम मात्र गेलं, ते तोवर दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलं होतं. म्हणजे मी आप्पांना सांगितलेल्यातलं बरंचसं उशिरानं का होईना, खरं ठरलं. बरंचसं. गेलेल्या पगाराची भर घालायला कर्ज थोडं वाढवावं लागलं, आणि ते प्रकरण मी मॅनेजरांच्या टेबलासमोर उभं राहून, त्यांचं डोकं खाऊन मंजूर करून घेतलं. यावेळी पत्र हातात आल्यावरच 'झालं' म्हणाले.

परत जायच्या आधी अश्विनी आईला घेऊन शाखेत आली. आता आई सहकर्जदार होती. आईनं एकेक अक्षर जोडत सही केली, मी साक्षीदाराच्या जागी माझी केली. आई पाणी प्यायला माठाकडं गेली तेव्हा अश्विनी खाली वाकून म्हणाली, "मॅडम, त्या दिवशी मंजुरी आली नव्हती."

"नव्हती."

"आप्पांना कळलं होतं."

मी पेन खाली ठेवलं.

"तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, 'मॅडम खोटं बोलल्या. बँकेचं माणूस एवढ्या चटदिशी व्हय म्हणत न्हाई.' मी म्हटलं, 'मग मला आत का बोलावलं, आप्पा?'"

"मग?"

"म्हणाले, 'आलीस ते बरं केलंस. मला लई आठवण येत हुती गं. पर म्हणायचं कुणाला?'"